एक सरकार, दोन बालपणे

भाईंदर-मुर्धा परिसरातील मिठावर कर घेणाऱ्या इंग्रज सरकारच्या स्वतःच्या देशात मुले कशी वाढत होती, हे पाहिले की आम्ही थक्क होतो. इंग्लंडने १८३३ साली बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना काम करण्यास मनाई केली. १८८० साली पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. आणि इकडे? १८८१ च्या हिंदुस्थानातील पहिल्या फॅक्टरी कायद्याने गिरणीचे दार सातव्या वर्षापासून उघडेच ठेवले. बारा वर्षांखालील मुलासही दिवसाला नऊ तास काम! (त्यामागेही निव्वळ करुणा नव्हती, मुंबईची स्वस्त मजुरी लँकेशायरच्या गिरणीमालकांना खुपत होती.) शिवाय तो कायदा शंभर वा अधिक कामगारांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता. ऊन आणि माणसाचे हात यांवर चालणारे मिठागर त्यात बसतच नव्हते. आईबापांबरोबर आगरात राबणारे पोर कायद्याच्या लेखी कामगारच नव्हते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण हक्क म्हणून देणारा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. इंग्लंडच्या त्या सक्तीनंतर १३० वर्षांनी.