खोपोलीची वीज, कर्जतचा घाट

बोरघाटाच्या माथ्यावर पावसाळ्यात कोसळणारं पाणी अडवायचं, नळांतून खोपोलीला उतरवायचं आणि त्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, हे जमशेटजी टाटांचं स्वप्न होतं. 1904मध्ये ते गेले. कंपनी उभी राहिली 1910मध्ये, त्यांचे चिरंजीव दोराबजी यांच्या काळात. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे तलाव झाले. तिथलं पाणी सुमारे 500 मीटर खाली खोपोलीच्या चक्रांवर आदळू लागलं आणि फेब्रुवारी 1915मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठा सुरू झाला.

पाणी आणि उतार सह्याद्रीने दिला होता. पण मुंबईतलं परळ सुमारे 70 किलोमीटर दूर! एवढ्या अंतरावर वीज पोहोचेपर्यंत तारेतच किती जिरेल?

ओहमने 1827मध्ये नियम मांडला होता: विजेच्या दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, प्रवाहाने भागलं की रोध मिळतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती मात्र प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून येते. सगळी मेख या वर्गात आहे.

समजा, 10,000 किलोवॅट पाठवायचे आहेत आणि तारेचा रोध 10 ओहम आहे. दाब 10,000 व्होल्ट ठेवला तर प्रवाह 1,000 अँपिअर. वर्ग दहा लाख, त्याला दहाने गुणलं की एक कोटी वॅट. म्हणजे पाठवलेली सगळी वीज वाटेतच संपली. दाब एक लाख व्होल्ट केला की प्रवाह 100 अँपिअरवर येतो आणि नुकसान 100 किलोवॅट, शेकडा एक. तीन फेजच्या तारांचं गणित थोडं वेगळं, पण दाब दसपट केला की नुकसान शंभरपटीने घटतं, हे तिथेही खरं. 1896मध्ये नायगाराची वीज बफेलोला गेली ती 11,000 व्होल्टने. खोपोलीच्या तारांवर लाखभर व्होल्टचा दाब होता.

याच दाबाची दुसरी बाजू गावांच्या वाट्याला आली. अशा तारेतून एखाद्या वाडीपुरती वीज काढून घेता येत नाही; दाब उतरवणारं महागडं उपकेंद्र लागतं. गिरण्यांसाठी निघालेली वीज ठाकूर-कातकरी वाड्यांच्या परिसरातून तशीच पुढे गेली. 1922मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर सुरू झालं, तेही मुंबईची भूक भागवण्यासाठीच.

कर्जतला हाच हिशेब रुळांवर दिसला. 1929मध्ये कल्याण–पुणे मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या, 1,500 व्होल्ट डीसीवर. कर्जतच्या पुढे 37 फुटांना एक फूट असा चढ. गाडीला मागून रेटायला बँकर इंजिनं जोडावी लागतात. 2,000 किलोवॅट ओढणाऱ्या इंजिनाला 1,500 व्होल्टवर तेराशेहून अधिक अँपिअर लागतात. म्हणून वरच्या तारा जाडजूड आणि उपकेंद्रं जवळजवळ. पुढे 25,000 व्होल्ट एसी आलं आणि तेवढ्याच शक्तीला साधारण 80 अँपिअर पुरू लागले. आजची थ्री-फेज इंजिनं तर घाट उतरताना मोटारींचंच जनित्र करतात आणि वीज तारेत परत सोडतात. ती घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येते.