बटाट्याचें बेणें आणि जुन्या नोंदींतील ‘पट’

जुन्या जमाखर्चांतील बीं व पीक यांचा मेळ घालून ‘इतके पट उत्पन्न’ असा निष्कर्ष काढण्याची आपली पद्धत आहे. धान्यापुरती ती चालेल. बटाट्याच्या बाबतींत ती फसवी होय. साताऱ्याकडे हें पीक नवें नाहीं. महाबळेश्वरीं १८६४ पर्यंत असलेल्या तुरुंगांतील चिनी कैदी तें पिकवीत असत. तेव्हां त्या शतकाच्या दप्तरांत त्याच्या नोंदी आढळणें संभवनीय आहे.

आतां गणित पाहूं. दोन सरींत ६० व दोन बेण्यांत २० सेंटिमीटर अंतर ठेविल्यास हेक्टरीं सुमारें ८३,००० बेणीं बसतात. बेणें २५ ग्रॅमचें असल्यास सुमारें २१ क्विंटल लागतें, ५० ग्रॅमचें असल्यास ४२. मोठ्या बेण्यास फुटवे अधिक येऊन उत्पन्न वाढतें. परंतु तें सहसा दुप्पट होत नाहीं. म्हणजे पीक वाढूनही ‘पट’ हा आंकडा घटतो. अंतर कमी केल्यास बटाटे संख्येनें वाढतात, पण आकारानें लहान राहतात. सांगलीकडील हळदीचेंही असेंच. तेथें जेठा गड्डा व हळकुंड हीं दोन्ही बेणें म्हणून लावतात, आणि त्यांचीं वजनें निराळीं.

यास्तव संग्राहकांस विनंती कीं, बेण्याचा आकार किंवा सरीचें अंतर सांगणारा शेरा क्षुल्लक मानून नकलेंतून गाळूं नये. त्यावांचून ‘दहापट’ या शब्दास प्रमाण नाहीं.