टपालाचे अग्रेषण : मुलखाची सीमा आणि माणसाची ओळख

बीड जिल्ह्यातील तेलगाव १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. हैदराबाद संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र असून १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे निघत. ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. पुण्यास पत्र धाडावयाचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. १९५० साली हे खाते भारतीय टपालखात्यात विलीन झाले आणि हा भेद संपला. परक्याचे पत्र कोणी व का पुढे न्यावे, हा प्रश्न मात्र पुढे ई-मेलच्या संदर्भात नव्याने उपस्थित झाला.

ई-मेलच्या वहनाचा नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ग्रथित केला. त्या काळी संगणकांचे जाळे लहान व परस्परविश्वासाचे होते. कोणताही सर्व्हर कोणाचेही पत्र पुढे पोचवीत असे. जाहिरातदारांनी या सौजन्याचा गैरफायदा घेतला. पत्रांचा भार परक्या सर्व्हरवर पडे आणि दोषही त्याच्याच माथी येई. इतर सर्व्हर त्याची पत्रे नाकारू लागत. अखेर १९९८ साली सेंडमेलच्या ८.९ या आवृत्तीने परक्यांसाठी अग्रेषण मुळातच बंद ठेवले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. स्वतःच्या खातेदारास आलेले पत्र सर्व्हरने बाहेरच्या कोणाकडूनही घ्यावयाचे असते; निर्बंध आहे तो परक्याने परक्यास धाडलेल्या पत्रावर. त्यासाठी पोस्टफिक्ससारख्या प्रणालीत विश्वासू जाळ्यांची यादी असते. तीत १२७.०.०.०/८ लिहिल्यास केवळ त्याच यंत्रास अनुज्ञा मिळते, ०.०.०.०/० लिहिल्यास साऱ्या जगास! पूर्वी यादी न दिल्यास पोस्टफिक्स शेजारच्या यंत्रांनाही विश्वासू मानी. २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून ते मूलतः स्वतःच्या यंत्रापुरतेच पाहते.

तथापि यादी मुलूख ओळखते, माणूस नव्हे. जाळ्याच्या आतील बिघडलेले यंत्र तीतून निर्वेध सुटते, आणि परगावी गेलेला खातेदार परका ठरतो. मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमाने पत्र धाडणाऱ्याने आपली ओळख पटविण्याची रीत घालून दिली, तेव्हा हा दोष पुष्कळसा दूर झाला. तेलगावच्या मनुष्याने जवळ बाळगलेले निजामी तिकीट पुण्यात निरुपयोगी ठरे. त्याच्या ई-मेलची अनुज्ञा मात्र आता त्याच्यासमवेत प्रवास करते. तात्पर्य, सीमेवरील पहारा आवश्यक असला तरी विश्वासाचा अंतिम आधार स्थळ नसून ओळख होय.