कंपू, कंपनी आणि पाव

चेहऱ्यावरून माणसांचीं नातीं ठरवूं गेल्यास जशी फसगत होते, तशीच ती शब्दांच्या बाबतींतहि होते. आमच्या वर्गांत कोणी ना कोणी विद्यार्थी दर वर्षीं युरोपीय भाषेंतील एखादा शब्द मोठ्या आनंदानें पुढें करितो, आणि हा संस्कृतांतूनच तिकडे गेला, असें ठासून सांगतो. त्याच्या आनंदाचें आम्हांस कौतुक वाटतें. परंतु त्याचा निकाल मात्र आम्हांस पुष्कळदां फिरवावा लागतो. तो कां, हें एका उदाहरणानें सांगतों.

१९८१ सालीं स्वतंत्र झालेल्या आमच्या जालना जिल्ह्यांत असई नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें, केळणा व जुई ह्या नद्यांच्या बेचक्यांत, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेची व आर्थर वेलस्लीची गांठ पडली. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पोलमन नांवाचा हॅनोव्हरचा सरदार होता. अशा कवायती पलटणींच्या जमावास त्या काळीं ‘कंपू’ म्हणत. वेलस्ली लढत होता तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूनें. तेव्हां त्या दिवशीं एकीकडे कंपू व दुसरीकडे कंपनी, असा सामना झाला! ती जागा पाहावयास गेलों असतां आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, हे दोन्ही शब्द एकाच घराण्यांतले ना?”

दिसतात तसे खरे. परंतु ते तसे नाहींत. ‘कंपू’ हा इंग्रजी ‘कँप’वरून आला असो किंवा पोर्तुगीज ‘कांपो’वरून, दोहोंचें मूळ लॅटिन ‘कांपुस’ म्हणजे मोकळें मैदान, हें आहे. मैदानावर छावणी पडे, म्हणून छावणीस तें नांव मिळालें. आणि पुढें आपल्याकडे छावणींतल्या फौजेसहि तेंच चिकटलें. जर्मन भाषेंत लढाईस ‘कांप्फ’ म्हणतात, तो ह्याच मुळाचा. मैदानांत उतरणारा तो ‘चँपियन’, तोहि ह्याच घरचा. मराठींत मात्र आज ‘कंपू’ म्हणजे आपसांत खलबतें करणारी टोळी. मूळ अर्थ मोकळ्या मैदानाचा, आणि आज आपण तो लावितों दार लावून बसणारांस!

‘कंपनी’ची कथा निराळी आहे. लॅटिन ‘कोम्’ म्हणजे सह, आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एका भाकरीचे वाटेकरी ते सोबती, आणि सोबत्यांचा मेळा ती कंपनी. ह्याच ‘पानिस’चें पोर्तुगीज रूप आपल्या किनाऱ्यावर उतरलें, आणि त्याचा झाला आपला ‘पाव’. राज्य गिळणारी कंपनी व भट्टींतला पाव हीं सख्खीं भावंडें आहेत, हें त्यांच्या तोंडावळ्यावरून कोणास ओळखूं येईल?

आतां दुसरा ‘पाव’ पाहा. वाण्याच्या दुकानांत आपण पाव किलो साखर मागतों. तो पाव संस्कृत ‘पादा’पासून आलेला, पाद म्हणजे पाय, आणि चौपायाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. भट्टींतल्या पावाशीं त्याचें कांहीं एक नातें नाहीं. उलट इंग्रजी ‘फुट’ हा त्याचा खरा भाऊबंद! हें आम्ही कशाच्या बळावर म्हणतों? १८२२ सालीं याकोब ग्रिम ह्या जर्मन पंडितानें दाखवून दिलें कीं, संस्कृत-लॅटिनांत जेथें ‘प’ दिसतो तेथें इंग्रजी-जर्मन ह्या घराण्यांत ‘फ’ येतो, आणि ‘द’ असेल तेथें ‘ट’. पितृ–फादर, द्वि–टू, दश–टेन, त्याचप्रमाणें पाद–फुट. हा नियम शेंकडों शब्दांस लागू पडतो, म्हणून ती साक्ष खरी. त्याच्याहि पूर्वीं, १७८६ सालीं, विल्यम जोन्स यानें कलकत्त्यास प्रतिपादिलें होतें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा कोणा एका, कदाचित् लुप्त झालेल्या, मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात. म्हणजे संस्कृत ही त्यांची बहीण ठरते, माता नव्हे.

एकाच शब्दांत खरें व खोटें नातें शेजारीं शेजारीं पाहावयाचें असेल, तर ‘बदनाम’ घ्यावा. आमचा मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. असे फारशी शब्द येथें घरोघरीं रुळलेले. ह्यांतील ‘नाम’ हा संस्कृत ‘नामन्’ व इंग्रजी ‘नेम’ यांचा सगोत्र आहे. परंतु ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’, रूप तेंच, अर्थ तोच, तरी त्यांचा परस्परांशीं संबंध नाहीं! तो केवळ योगायोग.

ही चिकित्सा निव्वळ पंडिती करमणूक नव्हे. साम्य दिसतांच ‘हें सारें आमचेंच’ म्हणणारा आणि परकेपणाचा वास येतांच शब्दास हद्दपार करणारा, हे दोघेहि तोंड पाहून न्याय देतात. फारशी म्हणून ‘बदनाम’ टाकूं म्हणणारा त्यांतल्या ‘नाम’ ह्या आपल्याच भावास घराबाहेर काढतो, हें त्याच्या ध्यानींहि येत नाहीं. शब्दांचीं कुळें ठरवावयाचीं तीं ध्वनींच्या नियमांवरून व इतिहासाच्या वाटांवरून, आवडीनिवडीवरून नव्हे.

असो. असईहून परततांना भोकरदनच्या एका हॉटेलांत चहाबरोबर पावाची लादी आली. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यानें ती तोडून सर्वांस वांटली आणि म्हणाला, “सर, आतां आपण खरी कंपनी झालों.” ह्या खेपेस मात्र त्याचा निकाल आम्हांस फिरवावा लागला नाहीं.