खाणपट्ट्यातले ट्रक आणि टर्बो

डिचोली तालुक्यातील पाळी हे गाव गोव्याच्या लोहखनिज पट्ट्यात येते. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात येथील खाणव्यवसाय वाढला. खाणीतले खनिज ट्रकने मांडवीकाठच्या जेटीवर आणि तेथून बार्जने मुरगाव बंदरात जाई. खच्चून भरलेल्या ट्रकला चढावर सातत्याने जोर लागतो. इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे जास्त इंधन जाळायचे; त्यासाठी जास्त प्राणवायू हवा.

तो मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये टर्बोचे पेटंट घेतले. यात सायलेन्सरकडे जाणारा धूर चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेत हवा दाबून इंजिनात भरते. दुसरा मार्ग नायट्रस ऑक्साइडचा. इंजिनातील उष्णतेने हा वायू फुटून प्राणवायू मोकळा होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी तो उंचावर वापरला. पुढे तो मोटारशर्यतीत आला.

नायट्रसची टाकी काही मिनिटांत संपते, टर्बो मात्र इंजिन चालू असेपर्यंत वाया जाणाऱ्या धुरावर चालतो. म्हणूनच मालवाहू डिझेल ट्रकांत टर्बोच रुजला.