गुण, जागा आणि नियम
मराठवाड्याच्या वैद्यकीय प्रवेशाचा इतिहास आपल्याला काय शिकवतो?



निकालाच्या दिवशी आपल्या मोहल्ल्यात एकच प्रश्न विचारला जातो : "किती पडले?" प्रश्न योग्यच आहे. परंतु तो अपुरा आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावयास हवेत : हे गुण कोणाच्या गुणांशी ताडून पाहिले जाणार, आणि जागा किती आहेत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याच्या मेहनतीत असते. उरलेल्या दोहोंची उत्तरे नियमांत असतात आणि नियम माणसे करतात, माणसे बदलतात. आपल्या मराठवाड्यातील वैद्यकीय प्रवेशाचा इतिहास हा या तीन प्रश्नांचाच इतिहास आहे. तो प्रत्येक पालकास ठाऊक असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

निजामी अमलात

आपला जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून सुरू झाले. वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवले जाई. १९२३ साली औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज निघाले. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक तेथे प्राचार्य होते. परंतु डॉक्टर व्हायचे तर जालन्याच्या मुलाला मनमाड-सिकंदराबाद गाडी धरून हैदराबाद गाठावे लागे. त्या काळी आपल्या मुलांना अडवणारी गोष्ट गुण ही नव्हती. घरापासूनचे अंतर, वसतिगृहाचा खर्च आणि घरात कमावत्या हाताची गरज, हीच खरी प्रवेश परीक्षा होती. ती देण्याआधीच बहुतेक मुले नापास होत.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात विलीन झाले. शिक्षणाचे माध्यम बदलले आणि उर्दूतून शिकलेल्या पिढीला नव्याने सुरुवात करावी लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने १९६३ साली मौलाना आझाद महाविद्यालय उभे राहिले. हैदराबादचे अंतर सरले. आता जागा जवळ आल्या, मात्र त्या थोड्या होत्या आणि मागणारे पुष्कळ. येथून गुणांचे राज्य सुरू झाले.

कुंपण घातले गेले

गुणांनीच प्रवेश द्यायचा तर मुंबई-पुण्याच्या जुन्या, सुसज्ज शाळांतील मुले आणि भोकरदन-परतूरच्या नव्या शाळांतील मुले एकाच रांगेत उभी राहणार. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमात मराठवाड्याचा, तांत्रिक शिक्षणाच्या न्याय्य सोयींसह, स्वतंत्र विचार केलेला आहे. तरीही प्रदेश मागेच राहिला. १९७४ साली विद्यार्थ्यांनी मराठवाडा विकास आंदोलन उभारले आणि १९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष आकड्यांनिशी मांडला.

अशा काळात राज्याने वैद्यकीय प्रवेशासाठी एक नियम ठेवला होता : ज्या विद्यापीठाच्या हद्दीत विद्यार्थी शिकला, त्याच हद्दीतील वैद्यकीय महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळावा. म्हणजे औरंगाबादच्या जागा मराठवाड्याच्या मुलांना. हे एक कुंपण होते. आत गुणांचीच स्पर्धा होती, परंतु ती बरोबरीच्या मुलांशी होती.

हा नियम सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८६ साली न्यायालयाने निर्णय दिला की, अशी संपूर्ण विभागवारी राज्यघटनेच्या समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे. मात्र खुल्या जागांपैकी जास्तीत जास्त ७० टक्के जागा त्या विभागात शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवता येतील आणि किमान ३० टक्के इतर विभागांतील विद्यार्थ्यांसाठी मोकळ्या राहतील. ज्याला आपण पुढे "सत्तर-तीस" म्हणू लागलो, त्याचे मूळ हे. त्याआधी १९८४ साली न्यायालयाने वैद्यकीय जागांचा काही भाग सर्व देशासाठी गुणवत्तेवर मोकळा ठेवण्याचा दंडक घातला होता. तोच नंतर १५ टक्के ठरला आणि आजचा "अखिल भारतीय कोटा" झाला.

लक्षात घ्यावे की, या साऱ्या काळात गुण होतेच. नियमांनी गुण रद्द केले नाहीत. गुणांची तुलना कोणाशी करायची, एवढेच ठरवले.

कुंपणच आड आले

याच सुमारास आपल्याच मराठवाड्यात एक नवल घडत होते. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी वेळेआधी अभ्यासक्रम पुरा करणे, सुट्टीतही वर्ग घेणे आणि पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घेऊन चुका दाखवणे, असा क्रम लावला. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव यात आदराने घेतले जाते. हाच "लातूर पॅटर्न". मागासलेल्या मानलेल्या प्रदेशातील मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत चमकू लागली.

आणि मग चित्र उलटले. मराठवाड्यात उत्तम गुणांची मुले वाढली. वैद्यकीय महाविद्यालये मात्र मोजकीच राहिली. उर्वरित महाराष्ट्रात महाविद्यालये कितीतरी अधिक. आपल्या मुलांना स्वतःच्या विभागातील ७० टक्के थोड्या जागा आणि बाहेरच्या पुष्कळ जागांपैकी केवळ ३० टक्क्यांत स्पर्धा. परिणाम असा की, मराठवाड्याचा विद्यार्थी अधिक गुण घेऊनही बाहेर राहू लागला आणि दुसऱ्या विभागातील विद्यार्थी त्याहून कमी गुणांवर डॉक्टर होऊ लागला. ज्या नियमाने एका पिढीला आधार दिला, तोच पुढच्या पिढीला अडसर वाटू लागला. मराठवाड्यातूनच तो रद्द करण्याची मागणी उठली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी तो रद्द झाल्याचे विधिमंडळात जाहीर केले.

यातून काय बोध घ्यावा? कुंपण चांगले की वाईट, याचे एकच उत्तर नाही. आत किती जागा आणि बाहेर किती, हे मोजल्यावाचून ते सांगता येत नाही. ज्यांनी मोजले, त्यांनी नियम बदलून घेतला.

गुण नव्हे, क्रमांक

आज एमबीबीएसचा प्रवेश "नीट" या एकाच परीक्षेवर होतो. ही परीक्षा प्रथम २०१३ साली झाली, मग न्यायालयीन वादात थांबली, २०१६ साली परत आली आणि २०१७ पासून आपल्या राज्यातील जागाही तिच्यावरच भरल्या जातात. बारावीच्या गुणांना आता केवळ पात्रतेपुरते स्थान उरले आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी एक गोष्ट मोलाची : आरंभी उर्दूचा पर्याय नव्हता. विद्यार्थी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१८ पासून नीट उर्दूतूनही होऊ लागली. येथेही नियम मागणीने बदलला.

नीट ७२० गुणांची आहे. बरोबर उत्तरास चार, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्या वर्षी पेपरफुटीचा आणि वाढीव गुणांचा वाद देशभर गाजला. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, प्रश्नपत्रिका इतकी कठीण निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. एका वर्षी ज्या गुणांवर शेजारच्या मुलाला जागा मिळाली नाही, त्याहून पुष्कळ कमी गुणांवर दुसऱ्या वर्षी जागा मिळाली. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाचे गुण सांगून आपल्या मुलाला बोलू नका. गुण एकट्याने काही सांगत नाहीत. क्रमांक काय आणि जागा किती, हे पाहावे.

आपल्या समाजाचे स्थान

न्या. राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तर पन्नास विद्यार्थ्यांत एक मुस्लिम, असे त्या अहवालात आढळले. समितीने एक सूचनाही केली : प्रवेशासाठी १०० पैकी ६० गुण गुणवत्तेला द्यावेत आणि ४० गुण घरचे उत्पन्न, जिल्ह्याचे मागासलेपण व वर्गाचे मागासलेपण यांना द्यावेत. वैद्यकीय प्रवेशात ही सूचना उतरली नाही. परंतु ती चमत्कारिक मुळीच नव्हती. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने मागास जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना अधिक गुण देण्याची पद्धत पूर्वी वापरलेली होती.

परदेशातही हाच वाद आहे. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९९७ साली कायदा करून प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठांत प्रवेशाचा हक्क दिला; हे एक प्रकारे त्यांचे "सत्तर-तीस"च. उलट, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या जगप्रसिद्ध संस्थेने २०२० च्या साथीत प्रवेश परीक्षेची सक्ती सोडली आणि २०२२ साली ती परत आणली. संस्थेचे म्हणणे असे की, ज्यांच्या शाळेत मोठ्या सोयी नाहीत अशा हुशार मुलांना आपली पात्रता दाखविण्यास परीक्षेचाच आधार होतो. हे आपणही विसरू नये. गरीब घरच्या मुलाकडे शिफारस नसते, ओळख नसते, देणगी नसते. त्याच्या हाती गुणच असतात. तेव्हा "गुणांना काय अर्थ आहे" असे म्हणणारा मनुष्य आपल्या मुलांचा हितचिंतक नव्हे.

मग आपण काय करावे?

एक : गुणांसाठी झटावे. अल्पसंख्याक संस्थेत तरी नीट चुकेल, हा समज सोडावा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांनाही नीट बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले आहे.

दोन : मुलाला अकरावी-बारावीसाठी हैदराबाद किंवा कोट्याला धाडण्यापूर्वी नियम वाचावा. राज्याच्या कोट्यातील जागेसाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते, शिवाय अधिवासाचा दाखला लागतो. परराज्यातून बारावी केल्यास, काही अपवाद सोडून, उत्तम गुण असूनही राज्याचे दार बंद होऊ शकते. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातील कोणीतरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलीच पाहिजे.

तीन : कागदपत्रे वेळेवर करावीत. मोमीन, तांबोळी, पिंजारी, बागवान, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. ही जाणीव समाजात रुजविण्याचे मोठे काम आपल्याच जालन्याच्या शब्बीर अहमद अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने केले. परंतु जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर हाती नसेल तर यादीतील नाव उपयोगाचे नाही. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधा. निजामकाळातील पुष्कळ दप्तर उर्दूत आहे. २०२३ साली अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर शासनाने न्या. संदीप शिंदे समिती नेमून असेच जुने कागद धुंडाळले. जे उर्दू दप्तर वाचण्यासाठी शासनाला जाणकार शोधावे लागले, ते वाचणारे बुजुर्ग आपल्या घरोघरी आहेत. त्यांना बसवून कागद वाचून घ्या. निकालानंतर नव्हे, मूल नववीत असतानाच.

चार : जागा वाढाव्यात म्हणून बोलावे. जालन्यास २०२४ साली १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यातच आहे. ज्या जिल्ह्याच्या मुलाला एकेकाळी हैदराबाद गाठावे लागे, त्याच्या दारात आज या संस्था आहेत. तेथील यादीत आपली मुले किती, हे दरवर्षी प्रत्येक मोहल्ल्याने मोजावे.

विद्यार्थी मित्रहो, गुण मिळविणे तुमचे काम. नियम समजून घेणे, कागद तयार ठेवणे आणि अन्याय्य नियम बदलावा म्हणून सनदशीर मार्गाने झगडणे हे आम्हा वडीलधाऱ्यांचे काम. शंभर वर्षांत आपला मराठवाडा पुढे आला तो या दोन्ही कामांच्या बळावर. यापैकी एकही काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून चालणार नाही. अल्लाह तुमच्या मेहनतीला यश देवो, आणि आम्हाला आमचे काम वेळेवर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.