चौथा कोपरा

जुलैचा पाऊस. शाहूवाडी मागं टाकून तुम्ही आंब्याला पोचलात, पुढं घाट. टपरीच्या पत्र्याखाली चहा संपवता आणि खांबाला बांधलेल्या क्यूआर कोडवर फोन धरता. खालचा उजवा कोपरा चुलीच्या धुरानं काळा पडलाय, तरी पैसे जातात. त्या कागदाला वीज लागत नाही. टपरीवाल्याचा यूपीआय पत्ता त्यावर छापलाय. तो वाचायचं काम तुमच्या फोनचं.

चला मागं, १९९२ मध्ये. हाच रस्ता, रत्नागिरीला निघालेली एसटी. "सुट्टं काढा, सुट्टं!" कंडक्टरकडं नाणी नाहीत. तिकिटाच्या पाठीवर तो बाकी लिहून देतो, आणि उतरेपर्यंत तुम्ही तो चिटोरा मुठीत जपता.

त्याच वर्षी जपानमध्ये, निप्पॉनडेन्सो कंपनीत, अभियंते मासाहिरो हारांच्या शेजारी उभे राहा. रेघांच्या बारकोडात वीसेक अक्षरंच मावतात. म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड, आणि ते वाचून वाचून कामगार थकलेत. त्यात हात तेलकट, कोड मळलेले. जेवणाच्या सुट्टीत हारा 'गो' खेळतात. पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या बघताना त्यांना सुचतं, माहिती आडवी भरावी तशी उभीही भरता येईल.

खरं अवघड काम पुढंच. गर्दीतून यंत्राला कोड ओळखू यावा कसा? हारा आणि सहकारी जाहिराती, मासिकं, खोक्यांवरची छपाई तपासत बसतात आणि काळ्या-पांढऱ्याचं सर्वांत दुर्मीळ प्रमाण हुडकतात: १:१:३:१:१. त्याच प्रमाणाचे चौकोन तीन कोपऱ्यांत बसतात. चौथ्यात तसा चौकोन नसतो; आंब्याच्या टपरीवर धूर लागला तो हाच कोपरा. शिवाय माहितीसोबत दुरुस्तीचं गणितही कोडात विणलेलं. दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. १९९४ मध्ये हा क्यूआर कोड जाहीर होतो. कंपनी पेटंट घेते, पण ठरलेल्या मानकांनुसार कोड वापरणाऱ्यांकडून पैसे घेत नाही. माझ्या लेखी हा निर्णय शोधाइतकाच मोठा, कारण त्यामुळंच तो चौकोन टपरीपर्यंत फुकट आला.

आता चला सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत. रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. फोन धरला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले. २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

तेच कोड असलेलं पुस्तक शाहूवाडीतल्या एखाद्या डोंगरवाडीत उघडा. चिखलाचा छोटा डाग पडला असला तरी फोन कोड वाचेल. पण धड्याचा व्हिडिओ कागदात नसतो, त्याला रेंज लागते. ती नसेल तिथं पोरांसाठी आधी टॉवर उभा राहिला पाहिजे.